अमेरिकेंतील कॉलेजें आणि धांवणारीं मुलें

शाळेच्या शर्यतींत पहिला आलेल्या मुलाला आपल्याकडे एक पेला मिळतो, टाळ्या मिळतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ‘आतां पुरे झालें, अभ्यासाला बैस,’ असें घरचीं वडील माणसें त्याला सांगूं लागतात. अमेरिकेंत त्याच मुलाच्या नांवाची नोंद दूरच्या एखाद्या कॉलेजचा कोच आपल्या वहींत करून ठेवतो. तेथील विद्यापीठें आपल्या नांवानें शर्यतींत उतरण्यासाठीं हायस्कुलांतील मुलेंमुली शोधतात, त्यांना पत्रें लिहितात, त्यांच्या आईबापांना भेटतात, आणि कांहींच्या शिक्षणाचा खर्चहि सोसतात. ह्या खटाटोपाला तिकडे ‘रिक्रूटिंग’ म्हणतात. सैन्यांत माणसें भरती करण्याला जो शब्द, तोच हा. आणि माझ्या मतें तो फारसा अयोग्यहि नाहीं.

श्रोतेहो, ही अमेरिकेची कथा येथें कशाला, असें कोणी विचारील. माझा एक जुना विद्यार्थी न्यू जर्सींत स्थायिक झालेला आहे. त्याची मुलगी हायस्कुलांत ८०० मीटर धांवते. ‘गुरुजी, ह्या मार्गानें तिला जाऊं द्यावें काय?’ असें त्यानें मला पत्रानें विचारलें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपाशीं थांबलेलें. कॉलेजचें अंगण मीं बाहेरूनच पाहिलेलें. परंतु शिक्षकाला विद्यार्थ्याचा प्रश्न टाळतां येत नाहीं, म्हणून मिळेल तें वाचलें, चार ठिकाणीं चौकशी केली. आज आपल्यापैकीं अनेकांचीं मुलेंनातवंडें तिकडच्या शाळांत आहेत, तेव्हां जें समजलें तें आपणांपुढें ठेवतों.

कोचला हवे असतात ते गुण. तेथील विद्यापीठांचे गट आहेत. त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. गटाच्या वार्षिक सामन्यांत बहुधा प्रत्येक शर्यतींतील पहिल्या आठ जणांना अनुक्रमें १०, ८, ६, ५, ४, ३, २ आणि १ असे गुण मिळतात. नवव्याच्या पदरीं शून्य. ह्या गुणांच्या बेरजेवर संघाचा क्रम ठरतो आणि पुष्कळदां कोचची नोकरीहि. म्हणून हायस्कुलांतील मुलाकडे पाहतांना कोच मनाशीं एवढाच हिशेब करतो कीं, गेल्या वर्षीं आमच्या गटांत आठवा आला त्याला किती वेळ लागला, आणि ह्या मुलाला त्या वेळेपर्यंत पोंचावयास किती वर्षें लागतील? हे निकाल सर्वांना पाहावयास खुले असतात. बापानें कोचचें गोड पत्र वाचण्यापूर्वीं तो आठव्या क्रमांकाचा आंकडा पाहावा. अर्धें उत्तर त्यांतच मिळतें.

क्रिकेटमध्यें किंवा फुटबॉलमध्यें मुलाचा खेळ कोणीतरी डोळ्यांनीं पाहावा लागतो. धांवण्यांत शिफारस करतें तें घड्याळ, आणि तें कोणाची भीड ठेवीत नाहीं. घड्याळाघड्याळांतहि फरक आहे. हातानें दाबलेल्या घड्याळांत माणसाचा आंगठा थोडा मागाहून चालतो, त्यामुळें वेळ कमी भरते. म्हणून छोट्या शर्यतींत हाताची वेळ विजेच्या घड्याळाशीं ताडून पाहतांना तींत सुमारें पाव सेकंद, म्हणजे नेमकें सांगावयाचें तर ०.२४ सेकंद, मिळवितात. १०० मीटरच्या शर्यतींत पाव सेकंद म्हणजे दोन मीटरांहून अधिक अंतर! ‘आमचा मुलगा अमुक सेकंदांत धांवला,’ असें सांगणाऱ्यानें घड्याळ कोणतें होतें हेंहि सांगितलें पाहिजे.

दुसरी एक अडचण मुलग्यांना येते. हायस्कुलांतील शर्यती आणि कॉलेजांतील शर्यती ह्या सारख्या नाहींत. हायस्कुलांत १६०० आणि ३२०० मीटर धांवतात. कॉलेजांत १५००, ५००० आणि १०००० मीटर. हायस्कुलांत ३०० मीटरची अडथळ्यांची शर्यत. कॉलेजांत तीच ४०० मीटरची होते. ११० मीटरच्या शर्यतींतील अडथळा हायस्कुलांत ३९ इंच उंच असतो, कॉलेजांत ४२ इंच. तीन इंच ऐकावयास कांहींच नाहींत. परंतु आंखूड पायांच्या ज्या मुलानें चपळाईच्या बळावर शाळा जिंकली, त्याची सारी चपळाई ह्या तीन इंचांत अडकून पडते. गोळा १२ पौंडांचा असतो तो १६ पौंडांचा होतो. म्हणून कोच मुलाच्या विक्रमाइतकेंच त्याच्या उंचीकडे, खांद्यांकडे आणि वयाकडे पाहतो. मुलींच्या बाबतींत मात्र १०० मीटरचे अडथळे आणि गोळा दोन्हीकडे सारखेच असल्यामुळें त्यांचे शाळेंतील आंकडे पुष्कळसे जसेच्या तसे धरले जातात.

त्यांतहि समजूतदार कोच नुसती वेळ पाहत नाहीं. ती किती मेहनतीनें मिळाली तें विचारतो. एक मुलगा आठवड्याला ७० मैल धांवून जी वेळ काढतो, तीच दुसरा ३० मैल धांवून काढीत असेल, तर दुसऱ्यांत अजून पुष्कळ शिल्लक आहे असें समजावें. वर्गांत रात्रंदिवस घोकून पहिला येणारा आणि सहज वाचून दुसरा येणारा असे विद्यार्थी आम्हां शिक्षकांनाहि भेटतात. आम्हीहि कोणाकडे अधिक आशेनें पाहतों तें सांगावयास नको.

ह्या भरतीच्या जुन्या कथा मोठ्या मनोवेधक आहेत. १९३३ सालीं क्लीव्हलंडच्या एका नीग्रो मुलानें, जेसी ओवेन्सनें, हायस्कुलांच्या राष्ट्रीय सामन्यांत १०० यार्ड ९.४ सेकंदांत धांवून त्या वेळच्या जागतिक विक्रमाशीं बरोबरी केली. एवढा गुणी मुलगा ओहायो स्टेट विद्यापीठांत गेला तो शिष्यवृत्तीवांचून. पोटासाठीं त्याला लिफ्ट चालविण्यासारखीं कामें करावीं लागलीं, आणि वर्णामुळें विद्यापीठाच्या वसतिगृहांत जागा मिळाली नाहीं. त्याच विद्यापीठाच्या नांवावर त्यानें २५ मे १९३५ ह्या दिवशीं ॲन आर्बर येथें पाऊण तासाच्या आंत तीन जागतिक विक्रम मोडले व चौथ्याशीं बरोबरी केली. पुढच्या वर्षीं बर्लिनला त्याला चार सुवर्णपदकें मिळालीं हें सर्वश्रुत आहे. विद्यापीठानें त्याला काय दिलें आणि त्याच्यापासून काय घेतलें, ह्याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा.

ह्याच्या उलट १९६९ सालची गोष्ट. ओरेगॉन प्रांताच्या समुद्रकांठीं कूस बे नांवाचें लांकडाच्या वखारींचें गांव आहे. तेथील स्टीव्ह प्रीफाँटेन ह्या मुलानें दोन मैलांचा हायस्कुली विक्रम ८ मिनिटें ४१.५ सेकंद असा केल्यावर कितीतरी विद्यापीठें त्याच्या मागें लागलीं. ओरेगॉन विद्यापीठाचे कोच बिल बॉवरमन मात्र बरेच दिवस स्वस्थ बसले. शेवटीं त्यांनीं स्वतःच्या हातानें एक पत्र पाठविलें. ‘तूं येथें आलास तर जगांतील उत्तम धांवपटु होशील,’ असा त्याचा आशय सांगतात. मुलगा त्यांच्याकडेच गेला.

आतां पैशाचें पाहूं. कारण आईबापांचे सर्वांत अधिक गैरसमज येथेंच आहेत. ‘स्कॉलरशिप मिळाली’ म्हटलें कीं चार वर्षांचा सगळा खर्च सुटला असें आपण धरून चालतों. विद्यापीठांच्या खेळांचें नियमन करणारी एन.सी.ए.ए. नांवाची संस्था १९०६ पासून आहे, आणि १९७३ पासून तिनें विद्यापीठांच्या तीन श्रेणी केल्या आहेत. पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठाला धांवण्याच्या व उड्याफेंकींच्या सर्व खेळांसाठीं २०२५ पर्यंत मुलग्यांकरितां फक्त १२.६ आणि मुलींकरितां १८ शिष्यवृत्त्या देतां येत होत्या. बारा पूर्णांक सहा दशांश शिष्यवृत्ति ऐकून माझ्यांतील गणिताचा मास्तर जागा झाला. चाळीस मुलांत त्या वांटल्या तर प्रत्येकीं एक तृतीयांशहि येत नाहीं. वस्तुतः समान वांटणी होत नसे. एखाद्या भालाफेंक्याला पूर्ण, एखाद्याला चतुर्थांश, कोणाला पुस्तकांपुरती, आणि उरलेल्यांना गणवेष. मुलींना अधिक कां, तर १९७२ च्या समानतेच्या कायद्यानें. मुलग्यांच्या ८५ शिष्यवृत्त्या एकटा अमेरिकन फुटबॉल गिळीत असे, त्याचा तोल कोठेंतरी सांभाळावा लागे.

शिष्यवृत्तीच्या मुदतीचाहि इतिहास आहे. १९७३ पासून ती एकेका वर्षाची झाली. वर्ष संपलें कीं चालूं ठेवणें वा न ठेवणें विद्यापीठाच्या हातीं. अनेक वर्षांची देण्याची मोकळीक २०१२ सालीं पुन्हां मिळाली, आणि खेळ खालावला एवढ्याच कारणावरून ती थांबवूं नये असा नियम मोठ्या पांच गटांनीं २०१५ सालीं केला. बाकीच्यांना तो नियम लागू नव्हता. म्हणून हातीं पडलेल्या कागदावर मुदत किती लिहिली आहे, तें अक्षरशः वाचावें.

ह्याहून मोठा फेरफार ६ जून २०२५ रोजीं झाला. खेळाडूंना विद्यापीठांनीं मोबदला द्यावा ह्यासाठीं चाललेल्या दाव्यांतील तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्किन ह्यांनीं त्या दिवशीं मान्यता दिली. जीं विद्यापीठें ह्या व्यवस्थेंत आलीं, त्यांच्यापुरती शिष्यवृत्त्यांच्या संख्येची मर्यादा गेली आणि तिच्या जागीं संघांतील माणसांची मर्यादा आली: मैदानी शर्यतींच्या संघांत ४५, आणि रानावनांतून धांवण्याच्या क्रॉसकंट्रीच्या संघांत १७. कागदावर ही उदारता दिसते, कारण पंचेचाळीसहि जणांना पूर्ण खर्च देण्याची मुभा आहे. परंतु मुभा म्हणजे पैसा नव्हे. पूर्वीं संघांत साठसत्तर मुलें राहूं शकत. शिष्यवृत्ति नसलेला, मागून येऊन कोचच्या परवानगीनें सराव करणारा मुलगा त्यांत सामावला जाई. त्याला ‘वॉक-ऑन’ म्हणतात. अशा मुलांतून कधीं कधीं तिसऱ्या वर्षीं गटाचा विजेता निघे. ती अरुंद वाट आतां पुष्कळ ठिकाणीं बुजली. ज्यांचीं नांवें ह्या मर्यादेपायीं संघांतून निघालीं होतीं त्यांना कांहीं संरक्षण मिळाल्याखेरीज न्यायाधीशांनीं मान्यता दिली नाहीं, हें खरें. पण हायस्कुलांतून अजून यावयाच्या मुलांसाठीं कोर्टांत कोण उभें राहणार?

शिवाय जागा कमी झाल्या कीं कोच तयार माल घेतो. २०१८ पासून विद्यापीठ बदलूं इच्छिणाऱ्यांची नोंदवही सर्व कोचांपुढें खुली असते. बाविसाव्या वर्षाचा कसलेला धांवपटु मिळत असेल तर सतराव्या वर्षाच्या मुलाची वाट कोण पाहील? परदेशचे खेळाडूहि आहेतच. केनियाच्या हेन्री रोनोनें १९७८ सालीं ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम केले, तेव्हां तो वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा विद्यार्थी होता. आपलीहि माणसें ह्या वाटेनें गेलीं आहेत. मोहिंदरसिंग गिल ह्यांनीं कॅलिफोर्नियांतील एका कॉलेजाकडून तिहेरी उडी गाजविली. दिल्लीचा तेजस्विन शंकर २०१७ मध्यें कॅन्सस स्टेट विद्यापीठांत गेला आणि २०१८ व २०२२ असा दोनदां उंच उडींत अमेरिकेंतील सर्व विद्यापीठांचा विजेता ठरला.

मग मध्यम वेगाच्या मुलीनें काय करावें? तिनें स्वतः पत्र लिहावें. वडिलांनीं लिहूं नये. पत्रांत शाळा, उत्तीर्ण होण्याचें वर्ष, शर्यत, उत्तम वेळ, ती कोठें व कोणत्या तारखेस नोंदली गेली, आणि परीक्षेंतील गुण एवढें असलें कीं पुरें, स्तुति नको. पहिल्या श्रेणीच्या कोचला दहावीचें वर्ष संपल्यावर येणाऱ्या १५ जूनपूर्वीं उत्तर देण्यास मनाई आहे. त्याआधीं उत्तर आलें नाहीं म्हणून मुलीनें रडत बसूं नये.

गुणांचा उल्लेख मीं शिक्षक म्हणून भरीला घातलेला नाहीं. पहिल्या श्रेणींत खेळावयाचें तर ठराविक सोळा विषयक्रम पुरे करावे लागतात, आणि त्यांपैकीं दहा शेवटच्या वर्षापूर्वींच. तिसऱ्या श्रेणीचीं कॉलेजें आणि हार्वर्ड, येल इत्यादि आठ जुनीं विद्यापीठें खेळासाठीं पैसा देतच नाहींत. परंतु प्रवेशाच्या वेळीं कोचच्या शब्दाला तेथें वजन असतें, आणि घरची परिस्थिति पाहून मिळणारी मदत निराळी. अभ्यासांत चांगल्या असलेल्या मुलीला पहिल्या श्रेणींतील चतुर्थांश शिष्यवृत्तीपेक्षां हा मार्ग पुष्कळदां स्वस्त पडतो, आणि तेथें ती चार वर्षें प्रत्यक्ष धांवते. बांकावर बसत नाहीं.

कॉलेज पाहण्यासाठीं बोलावणें आलें तर जरूर जावें. रीतसर बोलावणें असल्यास खर्च कॉलेज करतें. कोच त्या दिवशीं फार गोड बोलेल. त्याला विचारावयाचें तें असें: पाय दुखावला आणि वर्षभर धांवतां आलें नाहीं तर शिष्यवृत्तीचें काय, उपचारांचा खर्च कोणाचा, प्रयोगशाळेचा तास आणि सराव एकाच वेळीं आले तर कोणता सोडावा लागतो? उत्तरें लिहून घ्यावीं. मग संघांतील तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींबरोबर जेवावयास बसावें, आणि कोच जवळपास नाहीं असें पाहून विचारावें कीं, तुमच्याबरोबर पहिल्या वर्षीं किती जणी आल्या होत्या, आणि त्यांपैकीं आज किती जणी धांवत आहेत.