रात्रीचे उपाहारगृह आणि शेजारची झोप

(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



महामार्ग रुंद झाले, गावे आणि शहरे त्यांच्या कडेने वाढली, आणि त्याबरोबर उपाहारगृहाचा एक नवा प्रकार आपल्याकडे आला. गाडीतून न उतरता ध्वनिक्षेपकावर मागणी नोंदवावयाची, खिडकीशी पुडके घ्यावयाचे आणि मार्गस्थ व्हावयाचे. यास 'ड्राइव्ह-थ्रू' म्हणतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बाल्डविन पार्क येथे १९४८ साली अशा एका उपाहारगृहाने गिऱ्हाइकाशी संभाषणाची दुहेरी यंत्रणा बसविली आणि पुढे ही पद्धत देशभर पसरली. त्याच देशातील मिनियापोलिस शहराने २०१९ साली मात्र अशा नव्या मार्गिकांना बंदी केली. आपल्याला त्या टोकास जाण्याचे कारण नाही. परंतु त्यामागील अनुभव दुर्लक्षिण्याजोगा नाही.

रात्री भूक लागणे हा काही अपराध नव्हे. मालमोटारीचे चालक, रुग्णालयातील परिचारिका, पाळीवरून परतणारे कामगार यांना मध्यरात्री गरम अन्न मिळाले तर ती सोयच होय. अशा ठिकाणी स्थानिक तरुणांना रोजगारही मिळतो. परंतु कुंपणापलीकडे पहाटे कामावर निघणारा मजूर, परीक्षेचा विद्यार्थी आणि आजारी वृद्ध झोपलेले असतात. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. म्हणूनच हा प्रश्न भांडणाने नव्हे, नियोजनाने सोडवावयाचा आहे.

कायदा काय सांगतो ते पाहू. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ याने आस्थापना आठवड्याचे सर्व दिवस उघड्या ठेवण्याची वाट मोकळी केली. परंतु उघडे राहण्याची मुभा म्हणजे गोंगाटाची मुभा नव्हे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी क्षेत्रातील ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. व्यापारी क्षेत्रात ती ५५ आहे. मोकळ्या जागेत रात्री ध्वनिवर्धक वापरण्यास प्रतिबंध आहे. २०१० च्या सुधारणेनुसार निवासी भागात रात्री भोंगा वाजविण्यासही, आणीबाणीचा प्रसंग वगळता, मनाई आहे.

आता एक साधा हिशेब पाहा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. ५ मीटरवर ६५ डेसिबल भरणारा ध्वनिक्षेपक १० मीटरवर ५९, २० मीटरवर ५३ आणि ४० मीटरवर ४७ डेसिबल भरेल. मर्यादा रात्रभराच्या सरासरीची असते हे खरे. पण झोपमोड होण्यास सरासरी लागत नाही, एक आरोळी पुरते. झाडांची एक रांग लावली की काम झाले, असा समज आहे. झाडे सावली देतात, शोभा देतात. परंतु विरळ रांगेने आवाज फारसा अडत नाही. तो अडतो भरीव भिंतीने, आणि तीही घराच्या खिडकीतून आवाजाचे उगमस्थान दिसणार नाही इतकी उंच हवी.

यावरून उपाय सुचतात, आणि ते बहुतेक सर्व नकाशा मंजूर होण्यापूर्वीच करावयाचे आहेत. पहिला, गाड्यांची रांग आवारातच मावली पाहिजे. एका मोटारीस अंतरासह सुमारे ६ मीटर धरले तर १० गाड्यांस ६० मीटर मार्गिका लागते. ती नसेल तर रांग रस्त्यावर येते आणि भोंगे सुरू होतात. दुसरा, ध्वनिक्षेपकाचे तोंड वस्तीकडे नको, आणि रात्री १० नंतर तो बंद ठेवून सेवकाने गाडीजवळ जाऊन मागणी लिहून घ्यावी. तिसरा, दिव्यांना झाकणे असावीत व प्रकाश खाली पडावा. वळणाऱ्या गाड्यांचे झोत शयनगृहात जाणार नाहीत अशी मार्गिकेची दिशा ठेवावी. चौथा, थांबलेल्या गाडीचे इंजिन बंद ठेवण्याची पाटी आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारा माणूस, दोन्ही हवीत. पाचवा, कचऱ्याचे डबे झाकणाचे असावेत, बाटल्या रिकाम्या करणे व मालाची चढउतार दिवसा व्हावी, आणि पहाटे आवारासह लगतचा रस्ताही उपाहारगृहानेच झाडावा.

या अटी परवानगीच्या किंवा ना हरकत दाखल्याच्या कागदावर स्पष्ट शब्दांत लिहिल्या जाव्यात. 'शेजाऱ्यांस त्रास होणार नाही याची दक्षता घ्यावी' अशा मोघम वाक्याची अंमलबजावणी कोणीच करू शकत नाही. 'रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद' हे वाक्य मात्र शिपाईही तपासू शकतो. व्यवस्थापकाचा दूरध्वनी क्रमांक दर्शनी भागी लावला, तर पुष्कळ तक्रारी तेथल्या तेथे मिटतील. न मिटल्यास जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त अथवा नियुक्त पोलीस अधिकारी यांच्याकडे दाद मागता येते, ही माहिती शिक्षकांनी गावात द्यावी.

मित्रहो, भिंत आधी बांधली तर ती खर्चाची एक बाब असते. तक्रारीनंतर बांधावयाची म्हटली की तो वाद होतो. म्हणून अशा प्रस्तावावर सही करण्यापूर्वी सदस्यांनी एकदा रात्री ११ वाजता त्या जागी जावे आणि सर्वांत जवळच्या घराची खिडकी किती अंतरावर आहे ते मोजावे. त्या अंतरावरूनच पुढच्या साऱ्या अटी ठरणार आहेत.