बाळंतिणीच्या खोलीतला अंधार



मजुरांच्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने बाळंतिणीच्या दुखण्यावर काय बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटातून आणि गेटावरच्या सभांतून. वैद्यकाचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु ज्या गोष्टीत आम्ही स्वतः चुकलो ती चारचौघांत सांगावी, एवढ्याच आधारावर येथे उभे आहोत.

आमची थोरली मुलगी जन्मली तेव्हा बोनसचा लढा चालू होता. पंधरा दिवसांनी घरी डोकावलो, तो बाळ रडत होते आणि त्याची आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. जेवण नाही, बोलणे नाही. बाळ निजले तरी हिला झोप नाही. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचे काही लागले असेल. आमची आई म्हणाली, "मी पाच बाळंतपणे काढली, असले नखरे केले नाहीत." आणि आम्ही? चार शब्द सुनावले आणि सभेला गेलो. एके रात्री ती अगदी शांतपणे म्हणाली, "पोरीला दुसरी आई बघा." तेव्हा कुठे आम्ही हादरलो. दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरीणबाईंनी सांगितले की हा आजार आहे, आणि तो बरा होतो. तो झालाही, पण सहा महिने लागले.

आता हा आजार ओळखावा कसा? प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुष्कळ जणींचे मन हळवे होते, उगीच रडू येते. ते दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरते. परंतु उदासी त्याहून लांबली, कशातच गोडी वाटेना, बाळ झोपले असतानाही डोळा लागेना, बाळाविषयी माया वाटत नाही म्हणून आई स्वतःलाच दोष देऊ लागली, मरणाची भाषा करू लागली, तर ते नैराश्य समजावे. तिसरा प्रकार हजारात एक-दोघींना होतो. त्यात भ्रम होतात, नसलेले आवाज ऐकू येतात. तेथे एक रात्रही थांबू नये. आई आणि बाळ यांना एकटे न सोडता थेट रुग्णालय गाठावे.

हे श्रीमंतांचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील २७० मातांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध केली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील शेकडा २३ जणी नैराश्याने आजारी आढळल्या. बहुतेकींचे मन गरोदरपणातच बिघडलेले होते. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि झालेले बाळ मुलगा की मुलगी, या साऱ्यांचा त्या दुखण्याशी संबंध दिसला. म्हणजे, बंधूंनो, मुलगी झाली म्हणून आपण जे तोंड पाडतो, त्याचा भार बाळंतिणीच्या मनावर पडतो. बापही यातून सुटत नाही. सुमारे दहांतील एकाला हे नैराश्य गाठते. फक्त तो रडत नाही, चिडतो, घराबाहेर राहतो, दारू जवळ करतो.

उपाय आहेत. स्कॉटलंडमधील एडिंबरा येथील संशोधकांनी १९८७ साली दहा साध्या प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. मागील सात दिवसांत मन कसे होते, एवढेच ती विचारते, आणि त्यावरून पुढे डॉक्टरांकडे जावे की नाही ते कळते. रक्तक्षय व थायरॉईड यांची तपासणी करून घ्यावी. समुपदेशनाने पुष्कळ जणी बऱ्या होतात. औषध लागलेच, तर अंगावर पाजणाऱ्या आईला चालेल असे औषध डॉक्टर निवडून देतात. २०२२ साली सरकारने टेली-मानस ही सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६, आणि तेथे फुकट बोलता येते.

आमच्या चळवळीने बाळंतिणीसाठी भांडण केले आहे. मुंबई प्रांतात १९२९ साली प्रसूतीलाभाचा कायदा झाला. त्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात पाठिंबा दिला होता. १९६१ साली देशभराचा कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पण त्या दुरुस्तीत बापासाठी एक दिवसही नव्हता. आणि जिचे नाव कुठल्याच मस्टरवर नाही, त्या धुणीभांडी करणाऱ्या बाईला रजा कोणी द्यायची? हे भांडण अजून बाकी आहे.

तोवर आपल्या हाती आहे तेवढे करू. बाळंतिणीला आपण डिंकाचे लाडू देतो, शेक देतो, आणि ते योग्यच आहे. पण बाळ पाहायला जाणारे आपण सारे पाळण्यात डोकावतो, खाटेवर कोण आहे ते पाहत नाही. हल्ली कोणी कामगार पेढे घेऊन कचेरीत आला की आम्ही पेढा तोंडात टाकण्याआधी विचारतो, "बाई झोपते का? जेवते का? रात्री बाळ तू घेतोस का?" पहिल्यांदा तो लाजतो. दुसऱ्या दिवशी येऊन सांगतो. हे तीन प्रश्न आम्हाला तीस वर्षांपूर्वी कोणी विचारले असते, तर आमच्या घरातले ते दिवस तिला एकटीला काढावे लागले नसते.