सासूबाईंना आधी विचारलं असतं तर



मी मूळचा कोल्हापूरचा. धंद्यानं पॅटर्नमेकर. लोखंड ओतायचं तर आधी वाळूत साचा उठवावा लागतो, आणि तो उठवायला जो लाकडी नमुना लागतो त्याला पॅटर्न म्हणतात. तीस वर्षं मी शिरोलीच्या फाउंड्र्यांसाठी हेच काम केलं. आता राहतो बन्नूरला. म्हैसूरहून सोमनाथपूरचं होयसळ देऊळ बघायला गेलात तर वाटेत जे गाव लागतं, तेच हे. बन्नूरची मेंढी ऐकून माहीत असेल तुम्हाला.

बन्नूर ही माझी सासुरवाडी. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. सासरे गेले, सासूबाई एकट्या राहिल्या, म्हणून आम्ही दोघं इकडे आलो. घरामागं दगडी गोठा होता. इकडे त्याला कोट्टिगे म्हणतात. ग्रॅनाइटच्या दोन फूट जाड भिंती, चुन्यातलं बांधकाम, वर मंगळुरी कौलं. शेवटची बैलजोडी विकल्यापासून तो रिकामाच होता. मला वाटलं, वर्कशॉपला याहून चांगली जागा कुठली मिळणार?

बायकोचं सोनं गहाण ठेवलं आणि कामाला लागलो. मार्च ते मे, तीन महिन्यांत सगळं उरकलं. खाली सिमेंटचा कोबा केला. भिंतींना आतून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला. वरचे झरोके बुजवून टाकले, कारण त्यातून चिमण्या यायच्या. सासूबाई रोज येऊन बघायच्या. एकदा म्हणाल्या, "जावईबापू, तो उत्तरेचा कोपरा..." मी म्हटलं, "आई, काळजी करू नका, सिमेंट आहे." त्या पुढं बोलल्या नाहीत.

जूनमध्ये पाऊस लागला. जुलैत गिलाव्याच्या वर, चार फुटांच्या पुढं, भिंत ओली दिसायला लागली. मग तिच्यावर पिठासारखी पांढरी भुकटी फुटली. रंध्याच्या पात्यांना एका रात्रीत गंज चढायचा. तेवढ्यात म्हैसूरहून पहिली मोठी ऑर्डर मिळाली होती. पॅटर्न करून पाठवले आणि ते सगळे परत आले.

ते का परत आले, ते सांगतो. ओतीव लोखंड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं. म्हणून ३०० मिलिमीटरच्या वस्तूचा पॅटर्न ३०३ मिलिमीटरचा करायचा असतो. दमट हवेत सागवान आडव्या रेषेत साधारण तेवढंच फुगतं आणि कोरड्या जागी पुन्हा आकसतं. माझ्या ओल्या गोठ्यात जे माप ३०३ भरलं, ते फाउंड्रीच्या उष्णतेत ३०० च्या जवळ आलं. आमच्या धंद्यात तीन मिलिमीटर म्हणजे सगळं काम वाया.

त्या संध्याकाळी मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलो होतो. सोनं गहाण, ऑर्डर गेलेली. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात आम्ही वासरू कधीच बांधलं नाही. पावसात तिथं ओल असते. मागं चर होता, तो तुमच्या सासऱ्यांच्या आजारपणात बुजला."

दुसऱ्या दिवशी मागं खणून बघितलं. वर्षानुवर्षं शेण-माती साचून बाहेरची जमीन आतल्या कोब्यापेक्षा फूटभर वर आली होती. पाणी सरळ भिंतीत शिरत होतं. चुन्याची भिंत ओली झाली तरी वाळते, कारण पाण्याची वाफ चुन्यातून बाहेर पडते. मी आतून सिमेंट लावून ती वाट बंद केली, म्हणून पाणी सिमेंटच्या वर चढलं. आणि ती पांढरी भुकटी? क्षार. गोठ्यात वर्षानुवर्षं मुरलेल्या गोमूत्रातून सोऱ्यासारखे क्षार तयार होतात आणि ते हवेतला ओलावा ओढतात. एके काळी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा तबेल्यांच्या भिंतींवरून खरवडून काढत असत.

गावातला एक वयस्कर गवंडी आला. त्यानं हात लावून बघितलं आणि म्हणाला, "गोडे उसिराडबेकु." म्हणजे, भिंतीला श्वास घेता आला पाहिजे.

मग उलटं काम सुरू झालं. मागचा चर मोकळा केला, बाहेरची माती दीड फूट खाली नेली. सिमेंटचा गिलावा छिन्नीनं काढला. कागदाचा ओला लगदा भिंतीवर थापायचा, वाळला की सोलून फेकायचा. त्याच्याबरोबर क्षार निघतात. असं तीनदा केलं. पुढचा सगळा उन्हाळा भिंत नुसती वाळू दिली. झरोके उघडून त्यांना जाळी मारली. त्यामुळं लाकडाची धूळही बाहेर जायला लागली. ही धूळ साधी समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तिला १९९५ मध्ये कर्करोगकारक ठरवलं आहे.

शेवटी चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, यांचा गिलावा केला. लोक हसले. मी त्यांना कृष्णराजसागर दाखवलं. आमच्यापासून ते लांब नाही. त्या धरणाचं काम १९११ मध्ये सुरू झालं आणि त्यात सिमेंटऐवजी चुना-सुरखीच वापरली होती. त्या वेळचे मुख्य अभियंता विश्वेश्वरय्या पुण्यात शिकलेले.

सगळे क्षार गेलेत असं नाही. दोनेक वर्षांनी खालचा फूटभर गिलावा उतरवून नवा करावा लागतो. पण आता पावसाळ्यातही माप टिकतं. त्याच फाउंड्रीनं पुन्हा काम दिलं. सोनं सोडवायला तीन वर्षं लागली.

तुमच्याकडे असा गोठा, वखार, वाडा असेल तर एक पूर्ण पावसाळा त्याला हात लावू नका, नुसतं बघा. बाहेरची जमीन आतल्यापेक्षा वर आहे का, ते मोजा. आणि त्या जागेत ज्यानं आयुष्य काढलं, त्याला सगळ्यात आधी विचारा. त्यानं वाक्य अर्धं सोडलं, तर ते पूर्ण करायला लावा.

गव्हाण मी ठेवली आहे. तिच्यावर फळी टाकून माझं बाक केलं. सासूबाई दुपारी तिथं शेंगा निवडत बसतात आणि अधूनमधून उत्तरेच्या कोपऱ्यावर नजर टाकतात.