रद्दीचा भाव

(गणेशोत्सवात मंडपात केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा संपादित करून)



आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटण्याआधी भाषणाला उभे केले, की वक्ता आपोआप थोडक्यात बोलतो, हे आपल्या समितीला चांगले ठाऊक आहे. आत्ता माझी ओळख करून देताना 'ऑनलाइन व्यावसायिक' असा शब्द वापरला गेला. तो ऐकून सौभाग्यवतीला हसू आवरले नाही, कारण तिच्या भाषेत मी 'शिकलेला कबाडी' आहे. मी नोएडात राहतो. ओखल्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळत होतो. गेली वीस वर्षे लोकांची जुनी पुस्तके घेऊन इंटरनेटवर विकतो. आधी फक्त रविवारी, निवृत्तीनंतर रोज.

सुरुवात दर्यागंजला झाली. नेताजी सुभाष मार्गाच्या फुटपाथवर १९६० च्या दशकापासून रविवारी पुस्तकांचा बाजार भरत असे. २०१९ च्या जुलैत उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो तिथून उठला आणि सप्टेंबरात आसफ अली रस्त्यावरच्या महिला हाटात गेला. मी म्हणतो ती गोष्ट फुटपाथवरची. इंजिनियरिंगच्या गाइडांच्या ढिगात एक मराठी कादंबरी दिसली. विक्रेता म्हणाला, "ले जाओ साहब, नेपाली है, कोई लेता नहीं." दहा रुपयांत घेतली. घरी येऊन वाचली आणि वाटले, ही नागपूरला किंवा साताऱ्याला कुणीतरी शोधत असेल.

त्या काळी बाजी डॉट कॉम ही लिलावाची साइट होती. २००४ साली ती अमेरिकेच्या ईबेने विकत घेतली. गिऱ्हाइकाचे पैसे 'पैसापे' नावाच्या सोयीत अडकून राहत आणि माल पोचल्यावर आपल्याला मिळत. माझी ती कादंबरी नव्वद रुपयांना गेली आणि मला आपण टाटा-बिर्ला झाल्यासारखे वाटले. पुढे २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबेचे भारतातले दुकान बंद झाले. मग दुसऱ्या साइट आल्या, व्हॉट्सअ‍ॅपचे गट आले. कामाची रीत मात्र तीच राहिली. पुस्तक पुसायचे, फोटो काढायचे, वर्णन लिहायचे, पुठ्ठ्यात बांधायचे आणि टपाल कचेरीच्या रांगेत उभे राहायचे.

यातले अवघड काम वर्णनाचे. पाने पिवळी पडली आहेत, कणा सुटला आहे, कसर लागली आहे, पहिल्या पानावर कुणाची तरी सही आहे, हे सगळे आधी सांगावे लागते. एकदा मी एका चरित्रग्रंथाखाली 'उत्तम अवस्था' असे ठोकून दिले. विदर्भातल्या एका निवृत्त शिक्षकांनी तो मागवला. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, "अहो, तुमच्या पुस्तकात एक अख्खा फर्मा नाही. सोळा पाने गायब आहेत. चरित्रनायक तुरुंगात गेलेले वाचले आणि पुढच्याच पानावर त्यांच्या मुलीचे लग्न!" पैसे परत केले, दोन्हीकडचे टपाल माझ्या अंगावर पडले. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाची पाने मोजल्याशिवाय ते विक्रीला ठेवत नाही. सौभाग्यवती म्हणते, नोटासुद्धा तुम्ही इतक्या काळजीने मोजत नाही.

लोक विचारतात, पुस्तकेच का? जुनी घड्याळे, मिक्सर का नाही? एक तर मला त्यातले कळत नाही. दुसरे कारण आमच्या सी. ए. ने सांगितले. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, आणि फक्त करमुक्त मालच विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. पण जुना मिक्सर मी नोएडातून मयूर विहारला विकला, तर तो उत्तर प्रदेशातून दिल्लीत गेला, म्हणजे आंतरराज्य व्यापार! मेट्रोची चार स्टेशने, पण कायद्याने परराज्य. मी हात जोडले आणि पुस्तकांतच राहिलो. टपालाचे सुख-दुःख निराळे. २०२४ च्या डिसेंबरात बुकपोस्टची जुनी सोय बंद झाली, तेव्हा आम्हा छोट्या विक्रेत्यांचे धाबे दणाणले. चाळीस रुपयांच्या पुस्तकाला त्याहून जास्त टपालखर्च कोण देणार? २०२५ च्या मे महिन्यापासून 'ज्ञान पोस्ट' आले, तीनशे ग्रॅमला वीस रुपयांपासून, आणि जीव भांड्यात पडला.

आता ज्यासाठी मी बोलायला कबूल झालो, ती गोष्ट सांगतो. अजून ती सांगायला जड जाते.

२०१४ साली आपल्यातल्याच एका काकूंचा निरोप आला. काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, त्यांना जाऊन वर्ष झाले होते. काकू घर आवरून गुडगावला मुलीकडे जाणार होत्या. मुलीच्या फ्लॅटमध्ये पुस्तकांना जागा नव्हती. कबाडी बारा रुपये किलो द्यायला तयार होता. काकू म्हणाल्या, "त्यापेक्षा तू ने. निदान मराठी माणसाच्या हातात जातील."

मी काटा घेऊन गेलो. सगळे मिळून चौऱ्याण्णव किलो भरले. हिशेब अकराशे अठ्ठावीसचा झाला, मी बाराशे दिले आणि वर मोठेपणाही मिरवला. काकूंनी चहा केला, चकली दिली. पण खालच्या कप्प्यात काय आहे, ते मी काटा लावण्याआधीच पाहिले होते. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग आणि वर पुरवणी, सगळे जुन्या छपाईचे, महाराष्ट्र कोशमंडळाचे. १९३२ ते १९३८ या काळात सात विभाग निघाले, पुरवणी १९५० ची. हा कोश आता शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट पाहता येतो, तरी जुना संच हवा असणारी माणसे आहेत. काकांनी पेन्सिलीने समासात जागोजागी आपल्या गावाकडचे अर्थ लिहून ठेवले होते. दोन महिन्यांत मराठवाड्यातल्या एका प्राध्यापकांनी तो संच साडेसहा हजारांना घेतला. त्यांना त्या पेन्सिलीच्या खुणांचेच मोल जास्त वाटले.

काकूंना मी काही कळवले नाही. मनाशी म्हटले, धंदा आहे. जोखीम माझी, उरलेली सत्तर किलो पडून आहेत, वाळवी लागली तर नुकसान माझेच. हे सगळे खरे होते.

पुढच्या वर्षी उत्सवात काकू मंडपात भेटल्या आणि चार बायकांसमोर म्हणाल्या, "ह्याने आमची पुस्तके नेली हो, कबाड्याच्या हातून वाचवली." त्या दिवशीचा मोदक घशाखाली उतरला नाही.

शेजारी करोल बागेतले आपले एक गलाईवाले मित्र बसले होते, सांगली जिल्ह्यातले. त्यांना बाजूला घेऊन मी सगळे सांगितले. वाटले होते, व्यापारी माणूस आहे, पाठीवर थाप मारील. ते म्हणाले, "आमच्याकडे बाई मोडीचे सोने घेऊन येते. तिला कस कळत नाही, आम्हाला कळतो. म्हणून आम्ही तिच्या डोळ्यांदेखत आटवतो, घट किती आली ते दाखवतो, मग भाव सांगतो. तुम्ही सोने पितळेच्या भावाने तोलले."

मी घरी येऊन विचार केला. माझ्या गिऱ्हाइकाला सगळे संरक्षण आहे. माल आवडला नाही तर परत पाठवता येतो, तारे कापता येतात, चार ओळी वाईट लिहिता येतात. मी त्यांना घाबरून पाने मोजतो. पण ज्यांच्या घरातून मी माल उचलतो, त्यांच्या हाती काय आहे? बहुतेक वेळा ते घर सोडून चाललेले असतात, घरात कुणी गेलेले असते, त्यांना जागा मोकळी हवी असते. त्यांच्याकडे मला द्यायला एकही तारा नसतो.

तीन हजार पाकिटात घालून मेट्रोने गुडगावला गेलो. निम्मे म्हणून तीन हजार, वरचे अडीचशे टपालखर्चात धरले. वाटेत दोन भाषणे तयार केली होती. काकू रागावल्या तर एक आणि रडल्या तर दुसरे. त्यांनी पाकीट उघडले, चष्मा लावून नोटा मोजल्या आणि विचारले, "कोश कितीला गेला?" आकडा सांगितला. "ह्यांनी पगारातून हप्त्याहप्त्याने घेतला होता," एवढेच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि बाकीचे?"

बाकीच्यांचा हिशेब माझ्याकडे नव्हता. घरी येऊन टपालाच्या पावत्या जुळवत बसलो आणि एक वही घातली. तेव्हापासून कुणाच्या घरून पुस्तके आणली, की यादी आधी त्यांच्यासमोर करतो आणि त्यातले मोलाचे कोणते ते सांगतो. उरलेल्यांना रद्दीपेक्षा थोडा जास्त भाव देतो. मोलाच्यांचे पैसे विकल्यावर निम्मे-निम्मे. पुस्तकात पत्रे, फोटो सापडले तर परत करतो. एका घरी हस्तलिखित पोथी निघाली, ती घेतलीच नाही. पंच्याहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. तुमच्या देव्हाऱ्यात असेल तर जपून ठेवा, कुणी शंभर रुपये देतो म्हणाला तर देऊ नका.

नफा कमी झाला, हे कबूल केले पाहिजे. काही जण म्हणतात, यादी-बिदी नको, घेऊन जा एकदाचे. त्यांचीही यादी करतो, त्यांना कंटाळा आला तरी.

काकू पुढे तीन वर्षे होत्या. दर दिवाळीला मी वही घेऊन जायचो. त्या एकेका नावापुढे टिचकी मारून विचारायच्या, हे कुठल्या गावाला गेले? मी गाव सांगायचो आणि त्या ते समासात पेन्सिलीने लिहायच्या. त्या चौऱ्याण्णव किलोंतली अकरा पुस्तके अजून माझ्या कपाटात आहेत. त्यांच्यापुढची जागा कोरी आहे.