बालमनातील ‘का?’ आणि पाण्याचे फडके



लहान मुलांना विज्ञान शिकवायचे म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर काचनळ्या आणि महागडी खेळणी उभी राहतात. वास्तविक पाच-सहा वर्षांच्या मुलाची प्रयोगशाळा स्वयंपाकघरात मांडलेलीच असते. सकाळी आई भांड्याच्या तोंडावर फडके धरून पाणी गाळू लागते आणि मूल विचारते, ‘‘पाणी तर स्वच्छच दिसते, मग गाळायचे कशाला?’’

या प्रश्नाला घरात बहुधा दोन उत्तरे मिळतात. ‘‘आपल्यात असेच करतात,’’ हे पहिले. दुसरे अधिक सुशिक्षित: ‘‘हे विज्ञान आपल्या शास्त्रात आधीच सांगितलेले आहे.’’ पहिल्याने मूल हिरमुसते, दुसऱ्याने त्याला अभिमान वाटतो. पण दोन्ही वेळा ते गप्पच बसते. पाण्याकडे मात्र कोणीच पाहत नाही.

त्याऐवजी मुलासमोर दोन पेले ठेवावेत. एकात चिमूटभर माती कालवावी, दुसऱ्यात पिण्याच्याच पाण्यात चमचाभर मीठ. गाळण्यापूर्वी विचारावे, ‘‘फडक्यावर काय उरेल?’’ अंदाज आधी आणि कृती नंतर, हा क्रम मोडू नये. अंदाज चुकला तरच मुलाला नवल वाटते. मातीचे पाणी एकेरी फडक्यातून गढूळच उतरते, चौपदरी केल्यास बरेच निवळते, आणि आठपदरी केल्यास इतके सावकाश उतरते की मूल कंटाळते. भिंगातून विणीच्या बारीक खिडक्या दाखवाव्यात. एका पदराच्या खिडकीवर दुसऱ्याचा धागा येतो, हे त्याचे त्यालाच उमगते. मिठाच्या पेल्यापाशी मात्र गंमत होते. फडके कोरे, पाणी नितळ, आणि चव खारटच! ते पाणी ताटलीत पातळ पसरून उन्हात ठेवावे. पाणी आटले की ताटलीवर पांढरा थर दिसतो. नितळ म्हणजे शुद्ध नव्हे, हे मग मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

ही रीत नवी नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात, वयाने थोडी मोठी असलेली खेड्यातील मुले अशीच आसपासच्या साध्या वस्तू हाताळून शिकली.

घरातल्या फडक्याचा प्रश्न मोठ्या शास्त्रज्ञांनीही क्षुल्लक मानला नाही. रिटा कोलवेल, अन्वर हक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागात खेड्यांतील स्त्रियांना जुनी साडी अनेकपदरी दुमडून तिच्यातून पाणी गाळण्यास शिकवले. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातील अतिसूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात. ते प्राणी कापडावर अडकले की जंतूही अडकतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कॉलऱ्याचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. नव्या साडीपेक्षा जुनी साडी सरस ठरली, कारण धुऊन धुऊन धागे पिंजतात आणि विणीतील छिद्रे लहान होतात.

आपल्या पूर्वजांना कॉलऱ्याचे जंतू ठाऊक होते, असा निष्कर्ष मात्र यावरून काढू नये. गाळण्याची आज्ञा पिणाऱ्याच्या प्रकृतीसाठी नव्हती, पाण्यातील जीवांसाठी होती. म्हणून तर गाळून झाल्यावर फडके उलटे करून त्यावर पाणी सोडायचे आणि ते पुन्हा त्याच विहिरीत पोहोचवायचे, अशी जुनी रीत आहे. करुणेचे कारण वेगळे आणि आरोग्याचे वेगळे. मुलाला दोन्ही सांगावीत, पण एकात दुसरे मिसळून सांगू नये. मूल लहान असले तरी त्याला हा फरक कळतो, आणि पुढे शाळेत शिकताना धर्म व विज्ञान यांपैकी एकाला खोटे ठरवण्याची पाळी त्याच्यावर येत नाही.

एखादे चुणचुणीत मूल इथेही थांबणार नाही. ‘‘साडीने गाळले तरी बाकीचे लोक आजारी का पडले?’’ असे ते विचारील. सुटे जंतू कापडाच्या छिद्रांहून कितीतरी लहान असतात, हे त्याला सांगण्याची घाई करू नये. मिठाच्या ताटलीची आठवण द्यावी, शेगडीवर उकळत असलेल्या पाण्याकडे बोट दाखवावे आणि त्यालाच विचारावे, ‘‘तुला काय वाटते?’’