पाझरावर भरणारी विहीर

स्पेक्ट्रम, म्हणजे बिनतारी संदेशवहनासाठी वापरता येणाऱ्या वारंवारतांचा पट्टा, मर्यादित असल्यामुळे परवानाधारक अथवा ‘प्राथमिक’ वापरकर्ता शांत असताना त्याची वारंवारता ‘दुय्यम’ उपकरणाने हेरून तेवढ्यापुरती वापरावी, हा विचार जोसेफ मिटोला यांच्या १९९९ मधील ‘कॉग्निटिव्ह रेडिओ’ या कल्पनेतून पुढे रूढ झाला. या व्यवस्थेत दुय्यम उपकरणाचा गप्प राहण्याचा वेळ फुकट गेला असे सर्रास समजले जाते, आणि हाच समज टाकून द्यायला हवा.

पाटाला आवर्तन सुटले की काठच्या विहिरीला पाझर लागतो. पाट वाहतो तोवर विहीर भरते आणि तो बंद झाल्यावर त्याच पाण्यावर रान भिजते. दुय्यम उपकरणातील रेक्टेना, म्हणजे लहरी झेलणारा अँटेना आणि त्यांची एकदिश वीज करणारा डायोड यांची जोडी, प्राथमिक वापरकर्त्याच्या लहरींबाबत हेच करते, आणि वीज साठवणारा कपॅसिटर ही तिची विहीर होय. बॅटरीवाचून ऐकू येणारा जुना क्रिस्टल रेडिओही प्रक्षेपणाच्याच शक्तीवर चालत असे.

मात्र याला ‘फुकटची वीज’ म्हणणाऱ्यांनी जरा आवरते घ्यावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की हाती येणारी शक्ती चौथाईवर येते, क्षीण लहरींना डायोड नीट दाद देत नाही, आणि वारंवारता मोकळी आहे की नाही हे ऐकत राहण्यासाठीही ऊर्जा खर्ची पडते. त्यामुळे मोबाईल चार्ज होण्याची आशा व्यर्थ असून, तापमानाचा एखादा आकडा अधूनमधून पाठवणारा संवेदक चालला तरी पुष्कळ झाले.

रुई झांग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात प्रत्येक प्राथमिक प्रक्षेपकाभोवती दोन वर्तुळे आहेत: आतल्या लहान वर्तुळात ऊर्जा मिळते, तर बाहेरच्या मोठ्या वर्तुळाच्या आत, व्यत्यय टाळण्यासाठी, प्रक्षेपणास मनाई असते. पाटाला खेटून असलेली विहीर लवकर भरते, पण तिथेच मोटार लावण्यास बंदी असते, तसा हा पेच आहे.

म्हणून पुन्हा तेच सांगणे प्राप्त आहे, की दुसऱ्याचे बोलणे चालू असताना गप्प राहणे म्हणजे वाट पाहणे नव्हे, ती भरणीची वेळ आहे. विहीर किती खोल असावी आणि किती भरल्यावर मोटार लावावी, हा खरा हिशेब आहे.