विज्ञानाची उजळणी, अलिबागच्या किनाऱ्यावर

परीक्षेचे दिवस जवळ आले, कीं सुशिक्षित घरांतून ‘उजळणी’ हा शब्द वारंवार कानीं पडूं लागतो. पाढ्यांची उजळणी, व्याकरणाची उजळणी, सनावळींची उजळणी. आणि सर्वांत शेवटीं, बहुधा कपाळाला आंठ्या घालून, विज्ञानाची उजळणी. या शेवटच्या उजळणीसंबंधीं आज मला आपणांशीं थोडें बोलावयाचें आहे.

नववी-दहावींतील मुलाची वही आपण उघडून पाहिली, तर तींत विद्युत्, रसायन आणि परिसंस्था हीं प्रकरणें एकमेकांपासून अगदीं दूर बसविलेलीं आढळतात. मुलाच्या डोक्यांतही तीं तशींच दूर राहतात. एका हुषार विद्यार्थ्याला मीं एकदां संपृक्त द्रावणाची व्याख्या विचारली. ती त्यानें एका दमांत, एकही शब्द न चुकतां, म्हणून दाखविली. मग मीं विचारलें, “बाळ, पावसाळ्यांत तुझ्या आईच्या मिठाच्या बरणीला पाणी कां सुटतें?” तो क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, “सर, तें आम्हांला नाहीं.” म्हणजे अभ्यासक्रमांत नाहीं! स्वतःच्या स्वयंपाकघराविषयीं त्याला कधीं कोणी प्रश्नच विचारला नव्हता, हा दोष कांहीं त्याचा नव्हे.

तेव्हां माझी सूचना अशी आहे, कीं सुटीच्या दिवशीं मुलांना घेऊन आपण मांडव्यास जाणाऱ्या बोटींत बसावें. रायगडच्या किनाऱ्यावर विज्ञानाच्या या तिन्ही प्रकरणांची उजळणी होते, आणि तीं मुळांत एकच प्रकरण आहेत असें ध्यानांत येतें.

आरंभ विद्युतेपासून करूं. अलिबागला आपण जातों तें समुद्रस्नानासाठीं आणि कुलाबा किल्ला पाहण्यासाठीं. पण तेथें एक चुंबकीय वेधशाळाही आहे, हें पुष्कळांच्या गांवींही नसतें. ती तेथें कां आली, याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापनें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होत होतीं. सप्टेंबर १८५९ मध्यें सूर्यावरील प्रचंड स्फोटानंतर पृथ्वीवर जें चुंबकीय वादळ झालें, त्याची कुलाब्याची नोंद आजही जगांतील शास्त्रज्ञ अभ्यासितात. त्या वादळाच्या वेळीं अमेरिकेंत तारायंत्रें बॅटरी काढून घेतल्यावरही कांहीं काळ चालत राहिलीं होतीं. पुढें मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालविण्याचें ठरलें, आणि वेधशाळेचे प्रमुख डॉ. नानाभाई मूस यांच्यापुढें प्रश्न उभा राहिला. ट्रामचा प्रवाह वरच्या तारेनें येतो व रुळांतून परत जातो. परंतु त्यांतील कांहीं अंश जमिनींत झिरपतो. जेथें विद्युत्प्रवाह, तेथें चुंबकीय क्षेत्र, हें ओर्स्टेडनें १८२० सालीं दाखविलेंच होतें. मग वेधशाळेची नाजूक सुई पृथ्वीचें चुंबकत्व सांगणार, कीं ट्रामचें?

यावर उपाय म्हणून मुंबईच्या दक्षिणेस सुमारें ३० किलोमीटरांवर, अलिबागला, नवी वेधशाळा बांधण्यांत आली. तिच्या इमारतींत लोखंड वापरलें नाहीं. १९०४ पासून दोन वर्षें कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेऊन जुन्या व नव्या मापनांचा सांधा जुळविला गेला, आणि मगच, १९०७ सालीं, मुंबईंत विजेची ट्राम धांवली. ती ट्राम १९६४ सालीं बंद झाली. अलिबागची वेधशाळा मात्र अद्याप आपलें काम करीत आहे. एक नियम नीट समजल्यामुळें एका शहराच्या वाहतुकीला थोडें थांबावें लागलें, हें मुलांना सांगितलें, तर ओर्स्टेडचें नांव त्यांना पाठ करावें लागणार नाहीं.

घरीं परतल्यावर प्रयोगही करून पाहावा. बाजारांत मिळणारें लहानसें होकायंत्र, एक साधा सेल आणि हातभर तार एवढें साहित्य पुरे. तार सुईच्या वर, सुईच्या दिशेनेंच धरून प्रवाह क्षणभर सोडला, कीं सुई वळते. सेलचीं टोकें उलटीं केलीं, कीं ती विरुद्ध बाजूस वळते. मात्र हे खेळ सेलवरच करावेत. भिंतींतील विजेशीं कधींही करूं नयेत. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां विजेचे असंख्य खांब आडवे झाले आणि कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत राहिलीं. अशा वेळीं ओल्या जमिनीवर पडलेली तार दिसली, तर तिच्यापासून दूर कां राहावें, हें ज्याला उमगलें, त्याची विद्युतेची उजळणी खरोखर झाली असें मी म्हणेन. शुद्ध पाणी विजेचें दुर्बल वाहक. पण त्यांत क्षार विरघळले, कीं विद्युद्भारित आयन मोकळे होतात आणि तेंच पाणी वाहक बनतें. किनाऱ्यावरील खारी ओल म्हणूनच अधिक धोक्याची.

आणि हा आयन आपणांस नकळत दुसऱ्या प्रकरणांत, रसायनशास्त्रांत, घेऊन जातो.

पेण आणि उरण या तालुक्यांतील मिठागरें पूर्वापार प्रसिद्ध आहेत. आज त्यांची संख्या घटली आहे. तरी जेथें तीं दिसतील तेथें गाडी थांबवावी. एक किलोग्रॅम समुद्रपाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात; त्यांतलें सुमारें २७ ग्रॅम साधें मीठ. भरतीचें पाणी आगरांत घेऊन तें एका वाफ्यांतून दुसऱ्यांत असें उन्हांत आटवीत नेतात. आतां गंमत अशी, कीं सारे क्षार एकदम खालीं बसत नाहींत. प्रथम थोडा चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट बसतो, मग जिप्सम, आणि पाणी मूळच्या सुमारें एकदशांश उरलें, म्हणजे साध्या मिठाचे स्फटिक धरूं लागतात. मॅग्नेशियमचे क्षार तेव्हांही द्रावणांतच राहतात, व तें कडसर पाणी आगरी वेळींच काढून टाकतो. ज्याची विद्राव्यता कमी, तो आधीं खालीं बसतो. पुस्तकांतला हा नियम आगऱ्यानें पिढ्यान् पिढ्या हातानें वापरला आहे.

येथें मुलाला एक गणित घालावें. शंभर ग्रॅम पाण्यांत सुमारें ३६ ग्रॅम मीठ विरघळतें. तर मग २७ ग्रॅम मिठाला किती पाणी पुरावें? उत्तर येईल ७५ ग्रॅम, म्हणजे मूळच्या पाण्याच्या तेराव्या हिश्शाहूनही थोडें कमी. मग आगरांत मीठ दहाव्या हिश्शालाच कां धरतें? कारण त्या पाण्यांत मॅग्नेशियम क्लोराइडही आहे, आणि त्याचे क्लोराइड आयन मिठाला आधींच बाहेर ढकलतात. ज्या मुलाला हा फरक खटकला, त्याला रसायनशास्त्र समजूं लागलें म्हणावयाचें. आणि बरणीचें कोडें? मिठाला थोडें मॅग्नेशियम क्लोराइड चिकटून राहिलें, तर तें पावसाळी हवेंतील बाष्प ओढून घेतें, व बरणीला पाणी सुटतें. हें ‘आम्हांला’ होतेंच, फक्त आपल्या नांवानें आलें नव्हतें.

मिठागराच्या कडेला खाडी, आणि खाडीच्या कडेला खारफुटी. तिसरें प्रकरण येथें सुरू होतें. ओहोटीच्या वेळीं चिखलांतून बोटांएवढीं मुळें वर आलेलीं दिसतात. तीं तिवरांचीं श्वसनमुळें. त्या चिखलांत प्राणवायु जवळजवळ नसतो, म्हणून झाडाला हवेंतून श्वास घ्यावा लागतो. चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्राणवायूवांचून जगणारे सूक्ष्म जीव समुद्रपाण्यांतील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवितात, त्याचा तो वास. मिठागरांत जिप्सम होऊन जें सल्फेट खालीं बसलें, तेंच येथें वासाच्या रूपानें भेटतें! तिवराचें पान जिभेला लावून पाहिलें, तर खारट लागतें; नको असलेलें मीठ तें झाड पानांवाटे बाहेर टाकतें. गळलेलीं पानें कुजतात, त्यांवर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांवर खेकडे व कोळंबी, त्यांवर मासे, आणि माशांवर घार, बगळा व आपण. अन्नसाखळीचें चित्र काढण्यापूर्वीं ती एकदां अशी प्रत्यक्ष पाहावी.

पाहणें म्हणजे काय, याचाही धडा याच किनाऱ्यावर आहे. अलिबागजवळच्या किहीम येथें १९३० च्या सुमारास डॉ. सालीम अली यांनीं सुगरण पक्ष्यांचीं घरटीं दिवसचे दिवस बसून पाहिलीं. नर घरटें अर्धेंच विणतो, मादी तें पारखून पसंत करते, आणि मगच तें पुरें होतें. एवढेंच नव्हे, तर तो नर पुढें दुसऱ्या मादीसाठीं दुसरें घरटें विणावयास घेतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. त्यासाठीं लागली ती चिकाटी, आणि एक वही.

आतां या उजळणीचें महत्त्व परीक्षेपुरतेंच कां नाहीं, तें सांगतों. या किनाऱ्यावर हजारों एकर भातशेती खाजणांत आहे. समुद्र आणि शेत यांच्यामध्यें मातीचा बांध असतो, आणि ओहोटीला आंतलें पाणी बाहेर सोडावयास उघाडी असते. बांधासमोर खारफुटी उभी असली, म्हणजे लाटांचा जोर तिच्यांतच मोडतो. ती तोडली, कीं उधाणाचा मार बांधावर येतो. बांध फुटला, कीं खारें पाणी शेतांत शिरतें. मग मुळांबाहेरचें द्रावण आंतल्याहून तीव्र होतें, आणि पाण्यांत उभें असलेलें रोप तहानेनें मरतें. सोडियममुळें माती चिकट व निबर होते, आणि पुढें पावसाच्या गोड्या पाण्यानें ती धुऊन निघावयास कित्येक हंगाम लागूं शकतात. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं खारफुटीच्या तोडीला अंतरिम मनाई केली आणि २०१८ सालीं तें संरक्षण कायम केलें, त्यामागें हेंच शास्त्र आहे. परासरण ही व्याख्या ज्याला नुसती पाठ आहे, तो उद्यां अधिकारी, अभियंता किंवा जमिनीचा खरेदीदार होऊन याच खाडीवर भराव टाकावयास निघेल. आणि आपण काय मोडीत आहों, हें त्याच्या ध्यानींही येणार नाहीं. किंमत मोजावी लागेल ती बांधाआडच्या शेतकऱ्याला.

म्हणून पालकांना माझें एवढेंच सांगणें आहे. मुलाची उजळणी घेतांना “व्याख्या सांग” असें म्हणण्याआधीं त्याला तीन प्रश्न विचारा : हें तूं कोठें पाहिलेंस? तें असें कां होतें? आणि तसें न झालें, तर कोणाचें काय बिघडेल? पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पुस्तक मिटून त्याला बाहेर न्या. गुण त्यामुळें कमी होणार नाहींत.

आणि परततांना बोटींत बसल्यावर त्याला मांडव्याकडे एकवार वळून पाहावयास सांगा. सकाळीं जो नुसता किनारा होता, त्यांत आतां त्याला वेधशाळेची सुई, आगरांतील स्फटिक आणि बांधाआडचें भात दिसेल. तें दिसलें, कीं उजळणी पुरी झाली.